‘मीही’चं ‘ईव्हन आय’ का होतं? ‘ही’ इंग्रजीत नेताना पुन्हा पुन्हा होणारी चूक आणि तिची दुरुस्ती

मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीनं तिचं इंग्रजी पत्र मला दाखवलं. परदेशातल्या एका प्राध्यापकांना पाठवायचं होतं. पत्र नीटनेटकं, स्पेलिंग बिनचूक, काळ जागच्या जागी. पण चौथ्या ओळीत होतं, ‘ईव्हन आय हॅव रेड युअर पेपर’. तिला म्हणायचं होतं, ‘तुमचा लेख मीही वाचला आहे’. समोरच्याला पोचलं असतं ते असं: ‘अगदी माझ्यासारखीनंसुद्धा तुमचा लेख वाचला’. खाली ‘आय डोन्ट हॅव वर्क एक्स्पीरियन्स टू’, आणि त्याच्याखाली ‘बोथ माय टीचर्स ऑल्सो विल राइट टू यू’. तीन ओळी, तीन वेगळ्या चुका, आणि तिन्हींचं मूळ एकच: मराठीतला ‘ही’.

मी बडोद्यात, दांडिया बाजारात, संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. मराठी घरांतली मुलं मला मावशी म्हणतात, गुजराती मुलं बेन म्हणतात, आणि ही चूक दोघांच्याही वहीत सारखीच सापडते. नववीतल्या मुलाच्या निबंधात सापडते, बँकेत पंधरा वर्षं काढलेल्या गृहस्थांच्या अर्जातही सापडते. काळ, वचनं, आर्टिकल या चुका सरावानं कमी होतात. ही मात्र हुशार मुलांचीही पाठ सोडत नाही, कारण ती चूक आहे हेच त्यांना दिसत नाही. वाक्य त्यांच्या कानाला बरोबर वाटतं. म्हणून तिच्याकडे सावकाश बघायचं ठरवलं.

आधी आपल्याकडे काय घडतं ते बघू

‘ही’, ‘पण’, ‘सुद्धा’, ‘देखील’ ही मराठीतली शुद्ध शब्दयोगी अव्ययं. शाळेत शिकलेलं आठवत असेल: ‘मागे’, ‘साठी’ असं काही लागलं की आधीच्या शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘घर’चं ‘घरामागे’ होतं. ‘ही’ लागताना मात्र शब्द जसाच्या तसा राहतो, ‘घरही’. तो शब्दाला न दुखावता नुसता चिकटतो आणि ज्याला चिकटला त्याच्यावर बोट ठेवतो.

वर्गात मी नेहमी ही तीन वाक्यं फळ्यावर लिहिते. ‘मावशीही पेटी शिकवते.’ म्हणजे काका शिकवतात हे आधी सांगून झालंय. ‘मावशी पेटीही शिकवते.’ म्हणजे गाणं शिकवते हे माहीत आहे, त्यात पेटीची भर. ‘मावशी पेटी शिकवतेही.’ म्हणजे वाजवते तर खरंच, वर शिकवते. एका ‘ही’नं जागा बदलली आणि तीन वेगळ्या गोष्टी सांगून झाल्या. ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही.

आता यांचं इंग्रजी करा. तिन्हींचं एकच होतं: ‘माय आँट ऑल्सो टीचेस हार्मोनियम.’ ऑल्सो आपलं क्रियापदापाशी जाऊन बसतं. बोट मावशीकडे, पेटीकडे की शिकवण्याकडे, हे त्याच्या जागेवरून कळत नाही. ते कळतं संदर्भावरून आणि आवाजावरून.

घोटाळ्याची मुळी ही आहे. आपला ‘ही’ शब्दाला चिकटतो, इंग्रजी ऑल्सो वाक्याच्या सांगाड्यात ठरलेल्या खाचेत बसतं. मूल मनातल्या मनात ‘मावशी-ही’ असं तोडतं आणि ‘माय आँट ऑल्सो’ लिहून मोकळं होतं. योगायोगानं पुढे साधं क्रियापद असलं तर वाक्य बरोबर निघतं, आणि ही पद्धत चालते असा विश्वास बसतो. मग ‘पेटी-ही’ आलं की ‘हार्मोनियम ऑल्सो शी टीचेस’ असं काहीतरी कागदावर उतरतं.

बडोद्यात याला आणखी एक पदर आहे. गुजरातीतही ‘पण’ आहे, आणि आपल्यासारखाच दुहेरी. ‘पण तो आला’ यात तो ‘परंतु’ आहे; ‘तो पण आला’ यात तो ‘सुद्धा’ आहे. ‘पण तो पण आला’ असं एका दमात म्हटलं तरी कुणाचा गोंधळ होत नाही. गुजराती मैत्रीण ‘हुं पण आवुं छुं’ म्हणते आणि मराठी मैत्रीण ‘मी पण येते’ म्हणते. दोघी एकमेकींच्या चुकीला दुजोरा देतात. पण याच उदाहरणाचा मला वर्गात फार उपयोग होतो. शब्द तोच, जागा बदलली की काम बदलतं, ही गोष्ट या मुलांना घरून येतेच. इंग्रजीतही तसंच आहे एवढंच त्यांना सांगायचं असतं. ‘ऑल्सो’ वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम घेऊन आलं की ते ‘शिवाय’ होतं आणि मागच्या अख्ख्या वाक्याला नवं वाक्य जोडतं. मध्ये आलं की वाक्यातल्या एखाद्या भागाला. दोन ‘ओ’वालं ‘टू’ शेवटी आलं की ‘सुद्धा’, विशेषणाच्या आधी आलं की ‘फार, नको इतकं’.

पहिली तपासणी: आधी काय सांगून झालंय?

वाक्य दुरुस्त करायला घेण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारते. कशात भर घालतोस? उत्तर आलं नाही तर शब्द खोडायचा.

भर घालणाऱ्या या शब्दांचा एक गुण आहे. ते काढून टाकले तरी वाक्याचा खरेपणा बदलत नाही. ‘मावशी पेटीही शिकवते’ खरं असेल तर ‘मावशी पेटी शिकवते’ हेही खरंच. जातो तो फक्त मागचा दुवा. ‘ओन्ली’चं तसं नाही. ‘मावशी फक्त पेटी शिकवते’ यातून ‘फक्त’ काढलं तर सांगितलेली गोष्टच बदलते. (‘इथेच’चं ‘हिअर ओन्ली’ होणं हा ‘च’चा घोटाळा, त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.) म्हणून खोडून बघण्याची परीक्षा इथे छान चालते. ऑल्सो खोडा, वाक्य पुन्हा वाचा. काहीच हरवलं नाही असं वाटलं तर मागे दुवाच नव्हता. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘आय ॲम ऑल्सो इंटरेस्टेड’ लिहिणाऱ्यांना ही परीक्षा जरूर करायला लावा. वाचणारा आधीचं काहीतरी शोधत बसतो, आणि आधी काहीच नसतं.

ऑल्सोची खाच

उत्तर आलं असेल तर मग जागा. साधं क्रियापद असेल तर ऑल्सो त्याच्या आधी: ‘शी ऑल्सो सिंग्ज.’ ॲम, इज, आर, वॉज, वेअर हेच मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज ऑल्सो अ नर्स.’ सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर: ‘आय कॅन ऑल्सो स्पीक गुजराती.’ दोन सहायक असले तरी सहसा पहिल्याच्याच मागे: ‘शी हॅज ऑल्सो बीन टीचिंग.’ एवढंच. मुलांच्या वहीत ‘आय ऑल्सो कॅन’, ‘शी ऑल्सो इज’ फार दिसतं. इंग्रज माणूसही बोलताना जोर देण्यासाठी कधी कधी असं म्हणतो, पण साध्या लिहिण्यात पहिली घडण धरावी.

सरावाला मी गावातलीच उदाहरणं घेते. अरविंद घोष १८९३ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि पुढे बडोदा कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी फ्रेंच शिकवलं, इंग्रजीही शिकवलं. वह्यांत येतं, ‘इंग्लिश ऑल्सो टॉट’. हवं ते: ‘ऑरोबिंदो टॉट फ्रेंच अँड ऑल्सो टॉट इंग्लिश.’ ‘ही’ इंग्रजीला चिकटला होता, ऑल्सो ‘टॉट’च्या आधी आलं. दुसरं उदाहरण सयाजीराव महाराजांचं. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, ग्रंथालयंही उघडली गेली. ‘प्रायमरी एज्युकेशन वॉज मेड कम्पल्सरी. लायब्ररीज वेअर ऑल्सो ओपन्ड.’ मराठीत ‘ग्रंथालयंही’. इंग्रजीत ‘वेअर’च्या मागे. अशी आठ-दहा वाक्यं केली की हाताला वळण लागतं.

आता आवाज. पाठ्यपुस्तकात हा भाग सहसा नसतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘माय आँट ऑल्सो टीचेस हार्मोनियम’ म्हणताना ऑल्सो पटकन, हलकं म्हणून ‘हार्मोनियम’वर जोर दिला तर भर पेटीची. ऑल्सोवरच जोर दिला आणि ‘हार्मोनियम’ सपाट सोडलं तर भर मावशीची, म्हणजे आधी कुणीतरी दुसरं शिकवतंय हे ठाऊक आहे. ज्याच्यावर बोट आहे ते ऑल्सोच्या पुढे असेल तर ऑल्सो दबतं, मागे होऊन गेलं असेल तर ऑल्सो उठून दिसतं. मुलांना मी हे दोन्ही तऱ्हांनी चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणायला लावते. डोळ्यांनी वाचून हे कधीच कळत नाही.

पण कागदाला आवाज नसतो. तिथे अर्थ पक्का करायचा असेल तर वेगळी घडण घ्यावी लागते. ‘मावशीही’ म्हणायचं असेल तर कर्त्याच्या लगेच मागे ‘टू’, दोन्हीकडे स्वल्पविराम: ‘माय आँट, टू, टीचेस हार्मोनियम.’ जरा भारदस्त वाटतं, पण संशय राहत नाही. नाहीतर ‘माय अंकल टीचेस हार्मोनियम, अँड सो डझ माय आँट.’ बोलीत आणि लिहिण्यात दोन्हीकडे शोभतं. मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

‘टू’ आणि ‘ॲज वेल’ यांची नेहमीची जागा वाक्याच्या शेवटी. ‘टू’नं वाक्य सुरू होत नाही. ‘ॲज वेल’नंही सहसा नाही, पण कॅनडाच्या इंग्रजीत ‘ॲज वेल,’ असं वाक्याच्या सुरुवातीला सर्रास चालतं. आमच्या गावातली बरीच मुलं तिकडे शिकायला जातात आणि तशी पत्रं लिहू लागतात. ती चूक नाही, तिथली रीत आहे. इथल्या परीक्षेत मात्र वापरू नये.

(ऑल्सो हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सगळं तसंच’ अशा अर्थाच्या जोडशब्दातून आला, आणि आजचं छोटंसं ‘ॲज’ हे त्याचंच झिजलेलं रूप. आपल्या वर्गात भांडणारे हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.)

नकार आला की

‘मला तिखट चालत नाही.’ ‘मलाही चालत नाही.’ होकारात ‘ही’, नकारातही ‘ही’. मराठीला दोन्ही सारखे. इंग्रजी इथे शब्दच बदलते. ‘आय डोन्ट ईट स्पायसी फूड.’ ‘आय डोन्ट आयदर.’ तिथे ‘टू’ चालत नाही. वर्गाबाहेरच्या सेवउसळीच्या गाडीपाशी उभं राहून मुलं एकमेकांना ‘मी टू’ म्हणतात, आधीच्यानं ‘आय डोन्ट वॉन्ट’ म्हटलेलं असलं तरी. तिथे हवं ‘मी नायदर’.

‘आयदर’ लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. तुमच्या वाक्यात नकार आहे का, आणि ज्यात भर घालताय त्यातही नकार आहे का. भाऊ तिखट खातो आणि मी खात नाही, तर ‘आयदर’ला जागाच नाही; तिथे ‘बट आय डोन्ट’. नकार उघड ‘नॉट’चाच असायला हवा असं नाही. ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’ हेही मनानं नकारार्थीच: ‘आय नेव्हर गो देअर आयदर.’

‘नायदर’ आणि ‘नॉर’ यांच्या पोटात नकार आधीच आहे. म्हणून ‘नायदर डू आय’. ‘नायदर डोन्ट आय’ नाही. आणि यांच्यामागे वाक्य उलटं होतं, सहायक आधी, कर्ता नंतर, प्रश्नासारखं. होकारातल्या ‘सो’चंही तेच. समोरच्याच्या वाक्यातला सहायक उचलायचा, इतकं सोपं: ‘आय ॲम टायर्ड’ला ‘सो ॲम आय’, ‘आय कॅन स्विम’ला ‘सो कॅन आय’. सहायक दिसतच नसेल तर डू, डझ, डिड: ‘आय वेन्ट टू द गरबा’ला ‘सो डिड आय’. घाईत कुणी ‘सो आय डिड’ म्हणून गेलं तर अर्थ निसटतो. ‘सो आय डिड’ म्हणजे ‘अरे हो, केलंच की मी’. खिडकीबाहेर बघून कुणी म्हणालं ‘इट्स रेनिंग’, आणि तुम्ही वळून म्हणालात ‘सो इट इज!’, तर ते ‘खरंच की!’ झालं. यात भर कसलीच नाही.

आता दोन अपवाद, कारण मुलं हटकून विचारतात. ‘व्हाय डोन्ट यू कम टू?’ यात ‘डोन्ट’ असूनही ‘टू’ कसं? कारण तो नकार नाही, आग्रह आहे. आपण म्हणतो ना, ‘तूही चल ना!’ तो ‘ना’ जसा नकाराचा नाही, तसाच हा ‘डोन्ट’. दुसरा अपवाद: ‘माय टेनन्ट डिडन्ट पे द रेन्ट, अँड ऑल्सो डिडन्ट रिटर्न द की.’ इथे ऑल्सो नकाराच्या आधी, नकाराच्या बाहेर उभं आहे. भाडं दिलं नाही या तक्रारीत किल्ली दिली नाही ही तक्रार मिळवली. हे व्याकरणात बसतं आणि ऐकायलाही मिळतं. बसत नाही ते ‘मीही गेले नाही’साठी ‘आय डिडन्ट गो ऑल्सो’. परीक्षा देणाऱ्यांनी ‘आयदर’ला धरून राहावं, त्यात घसरायला जागा नाही.

‘ईव्हन’: सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक

बाकीच्या चुकांनी वाक्य कच्चं वाटतं, पण अर्थ पोचतो. ‘ईव्हन’ची चूक अर्थच बदलते, आणि व्याकरण बिनचूक असल्यामुळे समोरचा ती चूक समजत नाही, तुम्हाला तेच म्हणायचं होतं असं धरून चालतो. ‘आय लिव्ह इन वडोदरा.’ ‘ओ, ईव्हन आय लिव्ह इन वडोदरा!’ आपल्याकडे हे इतकं रुळलंय की कुणाचा कान टवकारत नाही. पण बाहेरच्या माणसाला ते असं ऐकू येतं, की बडोद्यात राहणाऱ्यांची यादी केली तर त्यात मी सापडेन असं कुणालाच वाटलं नसतं.

‘ईव्हन’ला एक चढण लागते. खालच्या पायरीवर अपेक्षित गोष्टी, वर जावं तसतशा अनपेक्षित, आणि ‘ईव्हन’ सगळ्यात वरच्या पायरीवर. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचं आठवा. घरांत पाणी आलं. पाण्याबरोबर बेडूक आले, साप आले, आणि मगरीसुद्धा वस्तीत आल्या. ‘ईव्हन क्रोकोडाइल्स केम इनटू द स्ट्रीट्स.’ इथे ‘ईव्हन’ शोभतं. बेडकांना ‘ईव्हन’ लावलं तर चढणच उलटी होते. पुरात बेडूक येणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मग आपण सगळीकडे ‘ईव्हन’ का लावतो? कारण ‘सुद्धा’, ‘देखील’ आणि खुद्द ‘ही’ मराठीत दोन्ही कामं करतात. ‘मलासुद्धा चहा हवा’ ही साधी भर. ‘हे लहान मुलालासुद्धा कळेल’ ही चढणीची वरची पायरी. शब्द एकच. इंग्रजीनं या दोन कामांची वाटणी केलेली आहे. ओळखायची युक्ती मात्र मराठीतच आहे, आणि ती मी ज्यांना सांगितली त्यांतल्या बहुतेकांचं काम झालं. शब्दाआधी ‘अगदी’ लावून बघा. ‘हे अगदी लहान मुलालासुद्धा कळेल’: बसलं, तर ‘ईव्हन’. ‘मी अगदी बडोद्यातसुद्धा राहते’, ‘अगदी मीसुद्धा बडोद्यात राहते’: कान नाही म्हणतो, तर ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’. नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या कानाला विचारावं; तो जन्मापासून तयार आहे.

नकारात ‘अगदी’ऐवजी ‘साधा’ लावावा. ‘तिनं फोनही केला नाही’ म्हणजे ‘साधा फोनही केला नाही’: ‘शी डिडन्ट ईव्हन कॉल.’ पाहा, ‘ही’ फोनला चिकटला, ‘ईव्हन’ पुन्हा क्रियापदापाशी, ‘डिडन्ट’च्या मागे. ‘एकही आला नाही’ म्हणजे ‘नॉट ईव्हन वन केम’ किंवा ‘नॉट अ सिंगल वन’. ‘वन ऑल्सो डिडन्ट कम’ हे आपल्या बसस्टॉपवर समजतं, त्यापलीकडे नाही.

कर्त्यावर बोट असेल तर ‘ईव्हन’ सरळ कर्त्याच्या आधी जातं, ‘ईव्हन माय ग्रँडमदर डान्स्ड.’ या एका बाबतीत ते ऑल्सोपेक्षा मोकळं आहे आणि आपल्या ‘ही’च्या जवळ येतं. फक्त आपण मागून चिकटवतो, ते पुढून उभं राहतं.

ज्या ‘ही’ला इंग्रजीत काहीच लागत नाही

इथे बरेच जण अडकतात, आणि इलाज अगदी सोपा आहे. ‘दोघेही आले’ यातला ‘ही’ भर घालत नाही, बेरीज पुरी झाल्याचं सांगतो. दोघांपैकी कुणी राहिलं नाही. ते काम ‘बोथ’ एकटं करतं: ‘बोथ ऑफ देम केम.’ ‘बोथ ऑल्सो’ म्हणजे एकच गोष्ट दोनदा. ‘तिघीही’ म्हणजे ‘ऑल थ्री’. ‘कोणीही’, ‘काहीही’, ‘कुठेही’, ‘कधीही’ यांतला ‘ही’ तर शब्दात विरघळून गेलाय. त्याचं इंग्रजी ‘एनीवन’, ‘एनीथिंग’, ‘एनीव्हेअर’, ‘एनी टाइम’. ‘तरीही’चं ‘स्टिल’ किंवा ‘ईव्हन सो’. आणि ‘ही’ जोडीनं आला, ‘आईही आली, बाबाही आले’, तर ‘बोथ’ आणि ‘अँड’. जोडीनं नकारात आला, ‘चहाही नको, सरबतही नको’, तर ‘नायदर’ आणि ‘नॉर’. पाहुण्याला ‘टी ऑल्सो नो, कॉफी ऑल्सो नो’ म्हणायची वेळ येऊ नये.

‘ॲज वेल ॲज’बद्दल थोडकंच

दोन अडचणी. ‘माय ब्रदर, ॲज वेल ॲज हिज फ्रेंड्स, इज कमिंग’ यात क्रियापद भावाप्रमाणे चालतं, मित्रांप्रमाणे नाही. ‘आर’ हवं असेल तर सरळ ‘अँड’ वापरा. दुसरी अडचण क्रमाची. ‘ती गुजरातीबरोबर मराठीही बोलते’ यात माहीत असलेली गोष्ट आधी, नवी नंतर. ‘ॲज वेल ॲज’च्या मागे येते ती माहीत असलेली गोष्ट: ‘शी स्पीक्स मराठी ॲज वेल ॲज गुजराती.’ आपला क्रम जसाच्या तसा नेला की भर चुकीच्या भाषेची होते. ‘वी माइट ॲज वेल वॉक’ मात्र या कुटुंबातलं नाही. ते ‘चालतच जाऊ या की मग’.

त्या पत्राचं काय केलं

तिला शेजारी बसवलं आणि मराठीतच विचारलं, ‘तुमचा लेख मीही वाचला’ म्हणतेस, तर आणखी कुणी वाचलाय? म्हणाली, आमच्या विभागातल्या पुढच्या वर्गाच्या मुलींनी. ते पत्रात कुठे आहे? नव्हतं. म्हणजे भर घालायला खाली काही ठेवलंच नव्हतं. मग वाक्य झालं, ‘सम ऑफ माय सीनियर्स हॅव रेड युअर पेपर, अँड सो हॅव आय.’ अनुभवाच्या ओळीआधी ‘माझा अजून एकही लेख छापलेला नाही’ असा नकार होताच, म्हणून तिथे ‘टू’ जाऊन ‘आयदर’ आलं. दोन्ही शिक्षकांच्या ओळीतलं ऑल्सो उडवलं, ‘बोथ’ राहिलं.

शेवटची ओळ मी बघायच्या आधीच तिनं पेन हातात घेतलं होतं. ‘आय कॅन डू एनी वर्क ऑल्सो’ असं होतं तिथे. ‘कोणतंही काम’, ती पुटपुटली, आणि ऑल्सोवर आडवी रेघ मारली.